घड्याळ कोणाच्या हातात?

पत्र असं आहे:

“ताई, आम्ही मिरजेला राहतो. मी शाळेत शिकवते, हे कुपवाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, वय ४७. आमचा चौघांचा मिळून ५ लाखांचा आरोग्य विमा आहे. सासूबाईंचा (वय ६९) वेगळा. दोन्हींना सहा वर्षं झाली, मध्ये खंड नाही. पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे. आमचे एजंट म्हणतात, ‘कंपनीच्या ॲपला घड्याळ जोडा, रोज दहा हजार पावलं चाला, हप्त्यात तीस टक्के सूट घ्या. सगळ्यांचे आभा नंबरही (सरकारी आरोग्य ओळखक्रमांक) जोडून टाका.’ आमचा हप्ता २७ हजार. यांनी २२ हजारांचं घड्याळ ईएमआयवर घेतलं. कामावर तेवढी पावलं होत नाहीत, म्हणून संध्याकाळी नववीतला मुलगा ते घालून क्रिकेटला जातो. आम्ही हसण्यावारी नेलं. पण गेल्या पंधरा दिवसांत घड्याळानं दोनदा ‘हृदयाचे ठोके अनियमित वाटतात’ अशी सूचना दिली. हे म्हणतात, मला काही होत नाही. विमा ५ वरून १५ लाख करायचं आमच्या मनात आहे. एजंट म्हणतात, आधी वाढवून घ्या, डॉक्टरांचं नंतर बघू. कंपनीला ती सूचना दिसली असेल का? सासूबाईंचा आभा जोडला तर त्यांची जुनी शुगर बाहेर येईल का? फॉर्म भरताना एजंटनी ती लिहू दिली नव्हती. घड्याळ काढून कपाटात टाकावं असं वाटतंय. – एक शिक्षिका, मिरज”

नमस्कार,

तुम्ही बरंच विचारलंत, पण एक प्रश्न राहिला. सूचना आली तेव्हा घड्याळ कोणाच्या हातात होतं? ती आलेली तारीख आणि वेळ फोनमध्ये नोंदलेली असते. आज संध्याकाळी ती बघा. रात्रीची असेल आणि घड्याळ यांच्याच मनगटावर असेल, तर पुढचं सगळं यांच्याबद्दल. संध्याकाळी सहाची असेल, तर मुलाच्या हातात ते होतं. अनियमित ठोक्यांची ही सोय मुलांसाठी तपासलेली नसते. नावाजलेल्या कंपन्या ती २२ वर्षांखालच्यांसाठी नाही असं स्वतःच लिहून ठेवतात. त्यामुळे मुलाच्या हातावर आलेल्या सूचनेला फार वजन देऊ नका, पण त्याला खेळताना कधी चक्कर किंवा धडधड होते का, हे विचारा, आणि होत असेल तर त्यालाही डॉक्टरांकडे न्या.

आता घड्याळ यांच्याच हातात होतं असं धरून लिहिते.

घड्याळ हिरवा उजेड टाकून मनगटातल्या रक्ताची हालचाल बघतं आणि दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतं. ते अंतर वेडंवाकडं आलं की सूचना देतं. त्यामागे ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असू शकतं, म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहणं. तसं झालं की रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. हा आजार असलेल्यांना पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट धरतात. आणि ‘मला काही होत नाही’ हे यांचं उत्तर इथे कामाचं नाही, कारण पुष्कळांना खरोखरच काही जाणवत नाही.

घाबरून जाऊ नका, तेही सांगते. अमेरिकेत ॲपलच्या घड्याळावर मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो छापून आला. सुमारे ४ लाख १९ हजार लोकांपैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना अशी सूचना आली. त्यांच्यातल्या ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून घेतली, त्यांपैकी ३४ टक्के लोकांत हा आजार त्या दिवसांत पकडला गेला. तिघांत एक. हे प्रमाण दुर्लक्ष करण्याएवढं लहान नाही आणि रडत बसण्याएवढं मोठंही नाही. ईसीजी काढा, डॉक्टर म्हणाले तर होल्टर, म्हणजे २४ तास ठोके नोंदवणारं यंत्र, लावा, रक्तदाब आणि थायरॉईड बघून घ्या. मिरजेत राहून डॉक्टर मिळाला नाही असं तर तुम्ही म्हणू शकत नाही. अर्धा कर्नाटक तुमच्याकडे उपचाराला येतो.

एजंटच्या सल्ल्याबद्दल. ‘आधी वाढवून घ्या, मग डॉक्टर’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. मी बावीस वर्षं एका टीपीएत क्लेम तपासत होते, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं रुग्णालयाचे कागद बघणाऱ्या मधल्या संस्थेत. त्या अनुभवावरून सांगते, की या सल्ल्यात नीतीचा भाग बाजूला ठेवला तरी हिशेबही चुकतो. विम्याची रक्कम वाढवताना नवा प्रपोजल फॉर्म भरावा लागतो. त्यात सहसा लक्षणं, चालू तपासण्या, सुचवलेल्या तपासण्या विचारलेल्या असतात. तिथे ‘काही नाही’ लिहिलंत, आणि सहा महिन्यांनी यांना दाखल करावं लागलं, तर कॅज्युअल्टीत बसलेला शिकाऊ डॉक्टर विचारणार, ‘कधीपासून?’ तुम्ही घाबरलेल्या असाल, खरं सांगाल, की घड्याळ गेल्या दिवाळीपासून दाखवतंय. तो ते केस पेपरवर लिहील. क्लेम तपासणारा माणूस सगळ्यात आधी हेच पान उघडतो. मीही तेच उघडायचे.

शिवाय वाढवलेल्या १० लाखांवर आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा नव्यानं सुरू होते, ती तीन वर्षांपर्यंत असू शकते. म्हणजे लपवून हाती लागणार ते फार थोडं, आणि जोखीम पूर्ण.

सरळ रस्ता असा. पुढच्या आठवड्यात तपासणी. रिपोर्ट स्वच्छ आले तर ते जोडून, घड्याळाची गोष्ट लिहून, विमा वाढवायचा अर्ज करा. बहुतेक ठिकाणी अडणार नाही. आजार निघाला तर कंपनी वाढीव रकमेवर जास्त हप्ता मागेल किंवा वाढ नाकारेल. पण तुमच्या मूळ ५ लाखांना ती हात लावू शकत नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण तुमची अर्धी भीती इथेच आहे. विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा नियम असा आहे, की रक्कम वाढवायची नसेल तर रिन्यूअलच्या वेळी कंपनीनं तुमची प्रकृती पुन्हा नव्यानं तोलायची नाही. रक्कम वाढवली तर फक्त वाढीव भागापुरतं तोलायचं. कुणा एकाचा क्लेम झाला म्हणून त्याच माणसाचा हप्ता वाढवायचा नाही, क्लेम केला म्हणून रिन्यूअल नाकारायचं नाही. हप्ता वाढतो तो वयाचा टप्पा बदलला म्हणून, किंवा त्या पॉलिसीच्या सगळ्याच ग्राहकांना वाढवला म्हणून. तेव्हा घड्याळानं चुगली केली आणि चालू पॉलिसी गेली, असं होणार नाही.

चुगली करतं का, हा वेगळा प्रश्न. फोनमध्ये आरोग्याची माहिती साठवणारी एक जागा असते, अँड्रॉइडवर ‘हेल्थ कनेक्ट’, आयफोनवर ‘हेल्थ’. विमा कंपनीचं ॲप तिथून माहिती घेतं, आणि प्रत्येक प्रकारच्या माहितीसाठी वेगळी परवानगी मागतं: पावलं, झोप, ठोके, वजन, रक्तदाब. आपण काय करतो? ‘सगळ्याला परवानगी द्या’ हे एकच बटण दाबतो आणि मोकळे होतो. सेटिंग्जमध्ये जा, कंपनीच्या ॲपचं नाव शोधा, पावलं सोडून बाकी सगळं बंद करा. सूट पावलांवर असेल तर कंपनीला झोप कशाला हवी?

ती कशाला हवी असते, ते मी टीपीएत काम केल्यामुळे थोडं सांगू शकते.

आरोग्य विमा विकणाऱ्या कंपनीची एक अडचण असते. ग्राहकाशी तिची गाठ वर्षातून एकदा पडते, हप्ता मागताना. दुसरी गाठ पडलीच तर रुग्णालयात, भांडताना. रोज उघडलं जाणारं ॲप ही तिच्यासाठी सोन्याची खाण आहे. २०२० च्या सप्टेंबरात आयआरडीएआयनं ‘वेलनेस’ची नियमावली काढली. तिनं निरोगी सवयींबद्दल रिन्यूअलच्या हप्त्यात सूट, पॉइंट, तपासणीची कूपनं द्यायला वाट करून दिली, आणि बऱ्याच कंपन्या पावलं मोजायला लागल्या. ही कल्पना इथली नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डिस्कव्हरी कंपनीनं १९९७ मध्ये ‘व्हायटॅलिटी’ नावानं ती सुरू केली, तिथून ती जगभर गेली. अमेरिकेतल्या जॉन हॅनकॉक या आयुर्विमा कंपनीनं २०१८ मध्ये सगळ्याच नव्या पॉलिसींना ती जोडली.

आणि दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरचा नाही बरं. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ अशा अर्थाचं होतं. जाहिरातीतला गोल आकडा. साठ वर्षं झाली, आपण त्याच्यामागे धावतोय.

लोक यामुळे जास्त चालतात का? काही चालतात. व्हायटॅलिटीच्याच सांगण्यावरून रँड युरोप या संस्थेनं ब्रिटन, अमेरिका, दक्षिण आफ्रिकेतल्या चार लाख लोकांची माहिती तपासली. घड्याळ घेऊन, पावलं कमी पडली तर त्या घड्याळाचे हप्ते खिशातून भरण्याची अट ज्यांनी स्वीकारली, त्यांची हालचाल सरासरी ३४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पण ज्यांनी स्वतःहून घड्याळ घेतलं त्यांचीच ही गोष्ट. जिथे चिठ्ठी टाकून माणसं निवडली, तिथे काय झालं? अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग झाला. बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीच्या १६० ठिकाणच्या जवळपास ३३ हजार कर्मचाऱ्यांवर दुसरा. त्यात वेलनेस कार्यक्रमानं उपचारांचा खर्च कमी झाल्याचं दिसलं नाही. रक्तदाब, साखर, वजन यांतही फरक सापडला नाही. इलिनॉयमध्ये एक मजेशीर गोष्ट मात्र दिसली: कार्यक्रमात स्वतःहून आलेल्या लोकांचा औषधपाण्याचा खर्च आधीपासूनच कमी होता.

ही एवढी ओळ विमा कंपनीला पुरते. ज्याला पावलांची सूट आवडते तो बहुतेक चालणाराच माणूस असतो, आणि चालणारा माणूस तिला हवाच असतो. सूट म्हणजे एक गाळणी. तुमच्या यजमानांनी मुलाच्या हाताला घड्याळ बांधलं तरी गाळणीचं काम होतंच, कारण एवढी खटपट करणारा माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे जात नाही. त्यानं घड्याळाचे ईएमआय भरायचे असतात!

तुमचाच हिशेब घ्या. २७ हजारांवर तीस टक्के म्हणजे ८,१००. ही वरची मर्यादा. ती सहसा जवळजवळ वर्षभर रोजची पावलं भरली तरच मिळते. मधले टप्पे किती आहेत ते पॉलिसीच्या माहितीपत्रकातल्या तक्त्यात बघा, एजंटच्या व्हॉट्सॲपवर नाही. पूर्ण सूट मिळाली तरी २२ हजारांचं घड्याळ फिटायला तीन वर्षं जवळ येतील, आणि तोवर त्याची बॅटरी जुनी झालेली असेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तो तुम्हाला एक पाऊल न चालता मिळाला. घड्याळ आता घेतलंच आहे, तर वापरा. पण हप्त्यातल्या सवलतीसाठी घेतलं असं कुणाला सांगू नका, लोक हसतील.

मुलाचा प्रकार मात्र आजपासून बंद. कंपनीला चौदा वर्षांच्या पोराचं धावणं ओळखायला फार हुशार यंत्र लागत नाही. सायंकाळी सहा ते सात रोज आठ हजार पावलं आणि उरलेला दिवस खुर्चीत, असा आलेख कुणीही वाचेल. ते पकडून तुमची पॉलिसी रद्द करतील असं मला वाटत नाही, फार तर सूट काढतील. माझं कारण निराळं आहे. डॉक्टरांना महिनाभराचे ठोके दाखवायचे आहेत. त्यात रोज एक तास दुसऱ्याचं हृदय मिसळलेलं असेल तर ते काय बघणार?

आता सासूबाई.

आभा म्हणजे चौदा अंकी नंबर. २०२१ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य अभियानाचा तो भाग. आधी एक खात्री करा: त्यांच्याकडे आहे ते आभा कार्ड आहे की आयुष्मान कार्ड? सिव्हिलच्या खिडकीवर दोन्ही निघतात आणि घरोघरी दोन्हींना ‘ते मोदींचं कार्ड’ म्हणतात. आयुष्मान कार्डावर उपचारांचा खर्च मिळतो. आभावर एक रुपयाही मिळत नाही, तो फक्त तुमचे कागद एका नावाखाली ओळखण्याचा नंबर आहे. तो ऐच्छिक आहे, आणि नुसता नंबर विमा कंपनीला दिल्यानं फाइल तिच्याकडे जात नाही. कागद ज्या रुग्णालयात, ज्या लॅबमध्ये तयार झाले तिथेच राहतात. कुणाला बघायचे असतील तर फोनवर मागणी येते. कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे, कोणत्या प्रकारचे, आणि परवानगी कधी संपणार, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. ती नाकारता येते, तारखा कमी करता येतात, नंतर मागेही घेता येते. धोका कुठे आहे? सासूबाईंचा फोन तुमचा मुलगा हाताळतो, ओटीपी एजंटला फोनवर सांगितला जातो, आणि ‘हो’ कुणी दाबलं ते कुणालाच आठवत नाही. तिथे.

आणि शुगर लपून राहिली आहे असं तुम्हाला वाटतं, ते आभा नसल्यामुळे नाही. सासूबाई उद्या कशाहीसाठी दाखल झाल्या तर पहिल्या पानावर लिहिलं जाईल, ‘के/सी/ओ डीएम, दहा वर्षं’. म्हणजे मधुमेहाच्या माहीत असलेल्या रुग्ण. आमच्याकडे नाकारल्या जाणाऱ्या क्लेमांमध्ये या एका ओळीचा वाटा फार मोठा होता, आणि ती ओळ निळ्या बॉलपेननं लिहिलेली असायची. डिजिटल वगैरे काही नाही.

तुमच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे. २०२४ पासूनच्या नियमांनुसार पॉलिसी सलग ६० महिने चालली की कंपनीला माहिती लपवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून क्लेम अडवता येत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती. तुमची सहा झाली. पण ‘फसवणूक’ हा शब्द वकिलांच्या आवडीचा आहे, म्हणून मी त्यावर उशी करून झोपणार नाही. कंपनीकडून मूळ प्रपोजल फॉर्मची प्रत मागवा. त्यात खरंच काय लिहिलंय ते बघा. कधी कधी एजंट तोंडानं एक सांगतो आणि फॉर्मवर दुसरंच असतं. शुगरच्या रकान्यात ‘नाही’ असेल, तर कंपनीला ईमेल करा, की ही माहिती राहून गेली होती, नोंद करून घ्या. हे लिहिताना हात जड होईल, मला कल्पना आहे. माझ्या आईच्या पॉलिसीत मी हेच केलं होतं, नोकरीच त्यातली असून. त्या ईमेलला उत्तर यायला सात आठवडे लागले आणि त्यात फक्त ‘नोंद घेतली’ एवढंच होतं. सहा वर्षं उलटल्यावर असं पत्र लिहिणं हे रुग्णालयाच्या काउंटरवर रात्री अकराला वाद घालण्यापेक्षा मला बरं वाटतं. एजंट नको म्हणेल. पॉलिसी त्याच्या आईची नाही.

सासूबाई पुढच्या वर्षी सत्तरीच्या होतील ना? मग त्यांचं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यावर मिळतात. खासगी विमा असला तरी चालतं. महात्मा फुले योजनेतही आता सगळी रेशनकार्डं येतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. दोन्हींत रुग्णालय यादीतलं असावं लागतं. आणि खासगी पॉलिसीचा हप्ता एकदम वाढला तर लक्षात ठेवा: साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं. जानेवारी २०२५ पासूनचा नियम आहे.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई तंत्रज्ञानाच्या विरोधात दिसते. अजिबात नाही. मी बावीस वर्षं फॅक्स, झेरॉक्स आणि स्टेपलरमध्ये काढली. आजही रुग्णालयाच्या विमा डेस्कवर बसलेल्या मुलीला दहा कंपन्यांच्या दहा वेबसाइटवर तीच माहिती दहा वेळा भरावी लागते, आणि एक पान तिरकं स्कॅन झालं की पलीकडून ‘क्वेरी’ येते. यावर उपाय म्हणून राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणानं क्लेमसाठी एकच सामायिक वाट बांधली आहे, एनएचसीएक्स. कागद एकाच साच्यात पाठवायचे, कुठल्याही कंपनीला. २०२३ मध्ये नियामकानं कंपन्यांना त्यात यायला सांगितलं. अजून सगळी रुग्णालयं आलेली नाहीत, आणि त्याचं एक कारण मला तरी साधं वाटतं: सगळं स्पष्ट दिसू लागलं की कुणामुळे उशीर झाला तेही दिसतं.

गेल्या वर्षी मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सकाळी साडेदहाला डॉक्टर म्हणाले, घरी जा. आम्ही निघालो रात्री नऊला. मावशी दिवसभर साडी नेसून खाटेवर बसून होती, दुपारचं जेवण रुग्णालयानं दिलं नाही कारण डिस्चार्ज ‘झालेला’ होता. डेस्कवरचा मुलगा प्रत्येक वेळी सांगत होता, ‘कंपनीकडून आलं नाही.’ मी जुनी खोड म्हणून कंपनीला फोन लावला. त्यांच्याकडे अंतिम बिल पोचलं होतं संध्याकाळी साडेसहाला. मंजुरी गेली सव्वासातला. उरलेला वेळ कुणाचा होता ते मी मावशीला सांगितलं नाही, तिचा त्या डॉक्टरांवर फार जीव आहे. २०२४ च्या मेपासूनचा नियम असा: दाखल होताना कॅशलेसची मंजुरी एका तासात, घरी जाताना तीन तासांत, त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयानं वाढीव पैसे लावले तर ते कंपनीनं भरायचे. पण कंपनीचं घड्याळ सुरू होतं रुग्णालयाची विनंती तिच्याकडे पोचल्यावर. म्हणून डेस्कवर ‘मंजुरी आली का’ विचारू नका. ‘अंतिम बिल किती वाजता पाठवलं?’ विचारा. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये ते दिसतं. कंपनीचं ॲप मोबाइलवर ठेवायचं माझ्या लेखी हेच खरं कारण आहे. पावलं मोजायला तुळशीबागेतलं दोनशे रुपयांचं यंत्रही चालतं.

कंपन्यांचा कल ओळखायची एक सोपी खूण सांगते. जे तंत्र कंपनीला माहिती आणून देतं, ते फुकट मिळतं. ज्याचं बिल तिला भरावं लागतं, तिथे अटी येतात. सासूबाईंना ॲपवर शुगरचा ‘कोच’ मोफत मिळेल, दंडाला लावायच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरचं बिल मात्र साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. रोबोटनं होणाऱ्या शस्त्रक्रियेसारखे बारा आधुनिक उपचार वगळता येणार नाहीत असं नियामकानं २०१९ मध्ये बजावलं, तर कितीतरी पॉलिसींत त्यांवर सब-लिमिट आलं, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी, कमी मर्यादा. तुमच्या पॉलिसीत ते पान शोधा. जर्मनीनं २०१९ मध्ये उलटी दिशा धरली: डॉक्टरनं लिहून दिलेलं, सरकारी यादीतलं आरोग्य ॲप असेल तर त्याचे पैसे विमा संस्थांनी द्यायचे, असा कायदाच केला. तिथल्या विमा संस्था तेव्हापासून कुरकुर करतात, की पहिल्या वर्षी किंमत बनवणारा ठरवतो आणि उपयोग सिद्ध व्हायच्या आधीच आम्ही पैसे मोजतो. पैसे द्यायची वेळ आली की यांनाही पुरावा आठवतो.

क्लेम यंत्र बघतं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ते यात आहेच. बिलातली संशयास्पद भर पकडायला इथल्या कंपन्या संगणकाची मदत घेतात, आणि खोटी बिलं मी इतकी पाहिली आहेत की त्याला माझा आक्षेप नाही. नकार द्यायचा झाला तर मात्र माणूस हवा. अमेरिकेत सिग्ना कंपनीबद्दल २०२३ मध्ये बातमी आली होती, की तिच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांत तीन लाखांवर क्लेम नाकारले, एकेकाला सरासरी १.२ सेकंद देऊन. कंपनीनं ते चित्र मान्य केलं नाही. आपल्याकडे आता कंपनीच्या क्लेम आढावा समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि पॉलिसीतल्या कोणत्या अटीवर नाकारला ते लेखी द्यावं लागतं. ते पत्र मागाच. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. तुमच्यासाठी ते पुण्यात आहेत. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं, वकील लागत नाही, फी नाही.

आरोग्याची माहिती एकदा गेली की परत येत नाही, ही तुमची काळजी मात्र मला पूर्ण पटते. २०२४ मध्ये देशातल्या एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांचे वैद्यकीय कागद टेलिग्रामवर फिरत होते. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायची आहेत. तोवर, आणि नंतरही, कमी द्याल तेवढं बरं.

यावरून एक. तुम्ही पत्रासोबत सासूबाईंच्या रिपोर्टांचे चार आणि यांच्या आधार कार्डाचा एक फोटो जोडला होता. मी ते न उघडता पुसून टाकले. पाठवलेल्या ईमेलमधून तुम्हीही पुसा.